अंदमानात संसार थाटताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँका, केंद्र सरकारची कार्यालये, नौदल, शाळा किंवा हॉटेल व्यवसाय यांतील नोकरीच्या निमित्ताने अनेक मराठी जोडपी अंदमानात राहायला येतात. त्यांचे प्रश्न आठवडाभराच्या सहलीला येणाऱ्यांच्या प्रश्नांहून अगदी वेगळे असतात. किनारा कोणता सुंदर, यापेक्षा टाकीत पाणी किती दिवसांनी येते आणि सासूबाई अचानक आजारी पडल्या तर गावी कसे पोहोचायचे, ही त्यांची खरी काळजी असते. आम्ही उभयता पोर्ट ब्लेअरमध्ये भाड्याच्या घरात राहतो. येऊ घातलेल्यांनी आणि नव्याने आलेल्यांनी आम्हांला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांची आमच्या अनुभवाला पटलेली उत्तरे येथे दिली आहेत. सप्टेंबर 2024 मध्ये शहराचे नाव श्री विजयपुरम असे बदलण्यात आले आहे. मात्र रोजच्या बोलण्यात जुने नाव अजून रुळलेले असल्याने पुढे तेच वापरले आहे.

अंदमानात राहायला येण्यासाठी परवाना लागतो का?

भारतीय नागरिकाला पोर्ट ब्लेअर, स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक), शहीद द्वीप (पूर्वीचे नील), रंगत, मायाबंदर किंवा दिगलीपूर येथे जाण्यासाठी वा राहण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. दहा अंशांच्या खाडीपलीकडील निकोबार बेटांचा प्रश्न मात्र निराळा आहे. तेथील बराचसा भाग आदिवासी राखीव क्षेत्र असल्याने बाहेरच्या माणसाला प्रशासनाचा पास घ्यावा लागतो. बदली त्यांतल्या ‘कार निकोबार’ या बेटावर झाली असेल, तर आपल्याबरोबर आपल्या जोडीदाराच्याही पासाची व्यवस्था कशी आणि केव्हा होणार, हे कार्यालयाकडून निघण्यापूर्वीच लेखी स्वरूपात मागून घ्यावे.

सामान विमानाने आणावे की जहाजाने?

माणसांनी विमानाने यावे आणि सामान जहाजाने मागवावे, हे उत्तम. चेन्नईपासून पोर्ट ब्लेअर समुद्रमार्गे सुमारे 1,200 किलोमीटर असून प्रवासी जहाजाला साधारण तीन दिवस लागतात. कोलकाता आणि विशाखापट्टणम येथूनही जहाजे सुटतात. एकदा तरी जहाजाचा प्रवास करावा असे आम्ही आवर्जून सांगतो, कारण आपण मुख्य भूमीपासून किती लांब आलो आहोत याची खरी जाणीव त्या तीन दिवसांत होते. पण पहिल्याच वेळी, डोक्यावर घर लावण्याचे दडपण असताना तो करू नये.

सामान जितके कमी, तितके बरे. प्लायवुडचे कपाट, गाद्या आणि सोफा घेऊन येण्यात अर्थ नाही. दमट हवेत प्लायवुड फुगते आणि वाहतुकीचा खर्च वस्तूच्या किमतीच्या जवळ जातो. याउलट उत्तम प्रतीचा मिक्सर, प्रेशर कुकर आणि त्याची जादा रिंग व शिट्टी, घट्ट झाकणांचे डबे, दोघांच्या चष्म्यांची एकेक जादा जोडी आणि नेहमीची औषधे ही मंडळी सोबत असलेली बरी. घरबसल्या मागवलेल्या वस्तू येथे पोहोचतात, पण सगळे विक्रेते बेटांवर माल पाठवत नाहीत, आणि बॅटरी किंवा ज्वालाग्राही द्रव असलेल्या वस्तू विमानाने येऊ शकत नसल्याने त्यांना फार वेळ लागतो.

पोर्ट ब्लेअरमध्ये घर कोणत्या भागात पाहावे?

शहर टेकड्यांवर वसलेले आहे, त्यामुळे नकाशावर जवळ दिसणारे घर प्रत्यक्षात चांगल्याच चढावर असू शकते. अबर्डीन बाजार, गोलघर, डेलानीपूर, हड्डो, जंगलीघाट हे जुने आणि मध्यवर्ती भाग आहेत. शादीपूर व फिनिक्स बे जेट्टीच्या अंगाने आहेत. गाराचरमा, प्रोथरापूर, बथु बस्ती येथे नवी घरे आणि थोडी मोकळी हवा मिळते. काहीजण समुद्रापलीकडच्या बांबूफ्लॅटला राहून रोज चॅथम जेट्टीवरून फेरीबोटीने ये-जा करतात. भाडे कमी पडते, पण मग घरची घडी फेरीच्या वेळांना बांधली जाते.

घर पाहताना तीन गोष्टी विचाराव्यात: पाणी किती दिवसांआड आणि किती वेळ येते, टाकी केवढी आहे, आणि खोलीच्या दोन बाजूंना खिडक्या आहेत का. समुद्र दिसतो का, हा प्रश्न शेवटी विचारावा. समुद्र शहरात कोठूनही दोन वळणांवर दिसतो. आरपार वारा खेळणारे घर मात्र शोधावे लागते, आणि ते नसेल तर पावसाळ्यात भिंतींना ओल येऊन कपाटाच्या मागे काळी बुरशी धरते.

चहूकडे समुद्र आणि वर्षाकाठी एवढा पाऊस असताना पाण्याची टंचाई कशी?

हा प्रश्न सर्वांना पडतो. येथे वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. पण बेटे लहान, उतार तीव्र आणि नद्या आखूड, म्हणून पडलेले पाणी झपाट्याने समुद्राला मिळते. पोर्ट ब्लेअरची मुख्य भिस्त धनीखाडी धरणावर आहे, आणि जानेवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत त्याची पातळी खालावली की नळाच्या पाळ्यांमधील अंतर वाढते. कोकणातल्या माणसाला हे गणित सांगावे लागत नाही. जेथे आषाढात अंगण वाहून जाते तेथेच वैशाखात विहीर तळ गाठते, तसेच हे आहे.

घरात पाण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी. आमच्याकडे भाज्या आणि तांदूळ धुतलेले पाणी बादलीत साठवून झाडांना घातले जाते, कपडे पाणी येण्याच्या दिवशीच धुतले जातात, आणि पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप ठेवलेले असते. पिण्याचे पाणी उकळून किंवा गाळणी यंत्रातून घेतलेलेच प्यावे. टाकी भरली का हे पाहण्याचे काम दोघांपैकी एकाचे ठरलेले असावे. ‘तुला वाटले मी पाहिले, मला वाटले तू पाहिलेस’ या एका कारणाने येथे जितकी भांडणे होतात, तितकी पैशांवरून होत नसावीत.

तेथे दिवस फार लवकर उजाडतो म्हणतात, ते कितपत खरे आहे?

पूर्ण खरे आहे, आणि संसाराची सगळी घडी यानेच बदलते. पोर्ट ब्लेअर जवळजवळ 93 अंश पूर्व रेखांशावर आहे, पण घड्याळ सबंध भारताचेच चालते. त्यामुळे सूर्य आपल्या सवयीच्या मानाने तासाहून अधिक आधी येतो आणि तितक्याच आधी जातो. जूनमध्ये पाचच्या आत उजाडते. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेपाचपर्यंत गडद अंधार होतो. विषुववृत्ताच्या जवळ असल्याने संधिप्रकाशही फार वेळ रेंगाळत नाही.

पुण्या-मुंबईहून आलेली जोडपी पहिले काही महिने जुनेच वेळापत्रक चालवतात. ती सातला उठतात, तेव्हा ऊन चढलेले असते. कार्यालयातून सुटून सहाला ‘जरा फिरून येऊ’ म्हणून निघतात, तेव्हा किनाऱ्यावर काळोख असतो. मग इथे करण्यासारखे काही नाही अशी तक्रार सुरू होते. आमचा आग्रहाचा सल्ला असा की घड्याळ बाजूला ठेवून सूर्याबरोबर चालावे. साडेचार-पाचला उठावे, फिरणे, बाजार, बागकाम ही बाहेरची कामे आठच्या आत उरकावीत, रात्रीचे जेवण साडेसातला घ्यावे आणि साडेनऊला झोपावे. पहाटेचे ते दोन-अडीच तास दोघांना मिळून मिळतात, कारण त्या वेळी ना कार्यालय असते ना फोन. येथे सुखाने नांदणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जोडप्याने ही पहाट आपलीशी केलेली आम्ही पाहिली आहे.

गावाकडच्या माणसांना मात्र हे सांगून ठेवावे. तिकडे रात्री दहाला निवांत होऊन आई फोन करते, तेव्हा इकडे झोपेची वेळ टळून गेलेली असते. रविवारी सकाळची एक वेळ ठरवून घेतली की दोन्हीकडची कुरबूर थांबते.

बाजारात काय मिळते आणि मराठी स्वयंपाक चालवता येतो का?

चालवता येतो, पण बोटीकडे लक्ष ठेवून. कांदे, बटाटे, लसूण, डाळी, गहू आणि स्वयंपाकाचा गॅससुद्धा मुख्य भूमीवरून, म्हणजे इथल्या बोलीत ‘मेनलँड’हून, जहाजाने येतो. हवामान बिघडून जहाज लांबले की टोमॅटोचा भाव चढतो आणि दोन दिवसांनी तो दिसेनासा होतो. म्हणून महिनाभराचे धान्य, डाळी आणि कांदे-बटाटे घरात असावेत, आणि एक सिलिंडर लागला की दुसऱ्याची नोंदणी त्याच दिवशी करावी. जहाजांच्या वेळा ‘द डेली टेलिग्राम्स’ या प्रशासनाच्या दैनिकात छापून येतात आणि आकाशवाणीवरूनही सांगितल्या जातात. त्या पाहण्याची सवय लावून घ्यावी.

स्थानिक भाजी वेगळी आणि सुरेख असते. भेंडी, पडवळ, कारली, भोपळा, सुरण, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा आणि तऱ्हेतऱ्हेच्या पालेभाज्या शहीद द्वीप आणि दक्षिण अंदमानच्या खेड्यांतून सकाळी येतात. नारळाची ददात नाही. इथल्या कोथिंबिरीची ओळख मात्र करून घ्यावी लागते. ‘बर्मा धनिया’ नावाची ही वनस्पती जमिनीलगत पसरते, तिची पाने बोटभर लांब, कडेने करवतीसारखी दातेरी आणि थोडी राठ असतात, आणि वास आपल्या कोथिंबिरीच्या चौपट उग्र असतो. आमटीत आपल्या सवयीने मूठभर घातली तर आमटी वाया जाते. दोन पाने बारीक चिरून शेवटी घातली तर मात्र माशाच्या कालवणाला अशी चव येते की नंतर साध्या कोथिंबिरीची आठवणही राहत नाही. कुंडीत ती सहज लागते आणि ओलसर सावलीत वर्षभर टिकते.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. जंगलीघाटाच्या बाजारात सुरमई, टूना, कोळंबी, खेकडे ताजे मिळतात. जाताना सकाळी लवकर जावे आणि पिशवीऐवजी डबा न्यावा. शाकाहारी घरात अडचण येते ती ताज्या दुधाची. पुष्कळ घरांत पावडरीच्या दुधावर भागवले जाते, आणि त्याचे दही नीट लागायला विरजणाचा हात बसावा लागतो.

ज्वारी-बाजरीचे पीठ, गोडा मसाला, आमसुले, भाजणी, मेतकूट हे गावाहूनच आणावे लागते. पण पीठ एका वेळी दोन किलोंपेक्षा जास्त आणू नये. दमट हवेत त्याला जाळी धरते. रवा आणि पोहे कोरडे भाजून ठेवावेत, मिठाच्या बरणीत थोडे तांदूळ टाकावेत, पापड पत्र्याच्या डब्यात आणि डबा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. लोणचे करताना तेल हात सैल सोडून घालावे. इथे तेलाच्या वर आलेल्या फोडीला हटकून बुरशी येते.

पावसाळा किती काळ असतो आणि त्यात घर कसे सांभाळावे?

नैर्ऋत्य मोसमी वारे भारतात सर्वांत आधी येथे, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पोहोचतात. ते परतले की ईशान्येकडचा पाऊस सुरू होतो, तो डिसेंबरपर्यंत अधूनमधून राहतो. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने ओलीचे. तापमान बहुधा 23 ते 31 अंशांच्या दरम्यान राहते, पण घामाने जीव नकोसा होतो तो हवेतल्या दमटपणामुळे.

चामड्याचे पट्टे, बूट, पाकिटे यांवर आठवड्याभरात हिरवट थर चढतो. रेशमी साड्या आणि लोकरीचे कपडे येथे आणूच नयेत, एखादी पैठणी आणलीच तर ती सुती कापडात गुंडाळून दर कोरड्या दिवशी वाऱ्यावर टाकावी. पुस्तके कपाटात दाटीने लावू नयेत. शैक्षणिक प्रमाणपत्रे आणि घराची कागदपत्रे गावीच ठेवून प्रती आणाव्यात. कपड्यांच्या कपाटात कमी वॅटचा दिवा काही वेळ लावून ठेवणारी घरे येथे बरीच आहेत, आणि त्याचा उपयोग होतो.

वीज आणि इंटरनेटची स्थिती कशी आहे? घरून काम करता येईल का?

बेटांना मुख्य भूमीच्या विद्युत जाळ्याची जोड नाही. वीज मुख्यत्वे डिझेलवर तयार होते, अलीकडे सौरऊर्जेची भर पडली आहे, आणि वीज जाणे हा दिनक्रमाचा भाग धरावा. इन्व्हर्टर घ्यावाच.

इंटरनेटचे चित्र 10 ऑगस्ट 2020 रोजी पालटले. त्या दिवशी चेन्नई ते पोर्ट ब्लेअर आणि आणखी सात बेटे जोडणारी सुमारे 2,300 किलोमीटर लांबीची समुद्रतळावरील ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली. त्याआधी सगळी मदार उपग्रहावर होती आणि साधा फोटो पाठवायलाही ताटकळावे लागे. आज पोर्ट ब्लेअरमधून घरून काम करणारी माणसे आहेत. तरी ज्या कामात एक तास जोडणी तुटली तर नोकरीवर गदा येते, असे काम एकाच कंपनीच्या जोडणीवर विसंबून येथे आणू नये.

दोघांपैकी एकाचीच बदली झाली असेल, तर दुसऱ्याने काय करावे?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि दुर्दैवाने तो बहुतेक जोडपी येथे आल्यावर विचारतात. ज्याची बदली होते त्याला कार्यालय, सहकारी, पद आणि दिवसाचा आकार आयता मिळतो. सोबत आलेल्याला, आणि ती बहुधा पत्नी असते, यांतले काहीच मिळत नाही. पहिले दोन-तीन महिने घर लावण्यात आणि पाहुण्यांना किनारे दाखवण्यात निघून जातात. मग पाऊस लागतो, पाहुणे थांबतात, साडेपाचला अंधार पडतो, आणि शेजारीण बंगालीत काय म्हणाली हे नीट न कळल्याने दिवस मुका जातो. हे सगळ्यांना होते. त्यात त्या व्यक्तीच्या स्वभावाचा दोष नसतो, आणि जोडीदाराने तो काढूही नये.

आमचे मत असे की सोबत येणाऱ्याने निघण्यापूर्वीच स्वतःच्या कामाची आखणी करावी, आणि तिला बदलीच्या कामाइतकेच वजन दोघांनी द्यावे. शिक्षकी पात्रता असेल तर खाजगी शाळांत विचारणा करता येते. दहावी-बारावीच्या गणित-विज्ञानाच्या शिकवण्यांना येथे कायम मागणी आहे. शिक्षण पुढे न्यायचे असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे प्रादेशिक केंद्र शहरात आहे. सागरी जीवशास्त्र किंवा किनारी आपत्ती व्यवस्थापन यांची आवड असल्यास पुदुच्चेरी विद्यापीठाचे अभ्यासक्रम पोर्ट ब्लेअरमध्येच चालतात. शेतीची ओढ असणाऱ्याने गाराचरम्याच्या केंद्रीय द्वीपीय कृषी संशोधन संस्थेत चौकशी करावी. तेथे परसबागेपासून अळंबीपर्यंतच्या लागवडीची माहिती मिळते. सरकारी नोकरीची आशा धरून मात्र येऊ नये, कारण स्थानिक तरुणांचा त्यांवरचा हक्क आधीचा आणि रास्त आहे.

घरातही काही गोष्टी मुद्दाम कराव्या लागतात. दुचाकी एकच असेल तर ती रोज कार्यालयात उभी राहू नये. आठवड्याचे काही दिवस ती घरी असलेल्याच्या हाती असावी, म्हणजे बाजार, वाचनालय, मैत्रीण यांच्याकडे जाण्यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही. कार्यालयाच्या गप्पा जेवणाच्या ताटावर किती चालाव्यात यालाही मर्यादा असावी. आणि वर्षातून एकदा तरी सोबत आलेल्याने एकट्याने, लांबच्या मुदतीसाठी गावी जाऊन यावे. त्यात दुरावा मानू नये.

शेजाऱ्यांशी कोणत्या भाषेत बोलतात? बाहेरचा म्हणून वेगळे वागवतात का?

सर्वांना जोडणारी भाषा हिंदी आहे, आणि ती अगदी मोकळ्या वळणाची, व्याकरणाचा बाऊ न करणारी आहे. घराघरांत मात्र बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळम, निकोबारी आणि सादरी बोलल्या जातात. ज्यांना येथे ‘लोकल बॉर्न’ म्हणतात, ती शिक्षा भोगण्यासाठी आणलेल्या कैद्यांची आणि जुन्या वसाहतीतील लोकांची पुढली पिढी. बंगाली कुटुंबे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून आली. रांचीकडचे मजूर जंगलखात्याच्या कामासाठी आणले गेले. मायाबंदरच्या बाजूला 1925 च्या सुमारास बर्मातून आलेल्या कारेन लोकांची गावे आहेत. जवळपास प्रत्येक घराचा इतिहास कोठून तरी उठून येण्याचाच असल्याने नव्याने आलेल्याला परके धरण्याची वृत्ती आम्हांला येथे कमी दिसली. शेजारी जातपात विचारत नाही, ‘मेनलँडमें कहाँ से’ एवढेच विचारतो.

आपण मात्र तीन वर्षांनी निघून जाणारी माणसे आहोत हे ते जाणून असतात, म्हणून मैत्री हळू होते. दुर्गापूजेला मंडपात जावे, ओणमचे आमंत्रण टाळू नये, आणि आपल्याकडच्या दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारी न चुकता द्यावे.

मराठी माणसे भेटतात का?

भेटतात. नौदल, तटरक्षक दल, बँका आणि केंद्रीय कार्यालये यांत मराठी कुटुंबे असतात, गणेशोत्सवात ती एकत्र येतात, आणि 2015 साली विश्व मराठी साहित्य संमेलनही पोर्ट ब्लेअरला भरले होते. फारशी माहीत नसलेली गोष्ट म्हणजे थोरल्या निकोबारची (ग्रेट निकोबार बेटाची). 1969 पासून तेथे तीनशेहून अधिक माजी सैनिकांच्या कुटुंबांना जमीन देऊन वसवण्यात आले, आणि त्यांत महाराष्ट्रातली कुटुंबेही होती. कॅम्पबेल बेच्या परिसरात नारळ-सुपारी लावून राहिलेल्या या लोकांनी रान मोडून शेती उभी केली, 2004 च्या त्सुनामीत बरेच काही गमावले आणि पुन्हा उभारले. सेल्युलर जेल पाहायला येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला सावरकर बंधू ठाऊक असतात, आणि ते योग्यच आहे. या शेतकरी कुटुंबांची नावेही महाराष्ट्राने विसरू नयेत असे आम्हांला मनापासून वाटते.

आजारपणात काय सोय आहे?

पोर्ट ब्लेअरला गोविंद वल्लभ पंत रुग्णालय हे मोठे सरकारी रुग्णालय असून त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय आहे. नेहमीच्या आजारांना आणि बाळंतपणाला सोय पुरेशी आहे. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांसाठी रुग्णाला बहुधा चेन्नईला न्यावे लागते. आरोग्य विमा घेताना या प्रवासखर्चाचा विचार करावा.

पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस यांची काळजी घ्यावी. पायाला जखम असताना चिखलपाण्यातून अनवाणी चालू नये, आणि ताप आला तर स्वतःच्या मनाने गोळ्या न घेता रक्त तपासून घ्यावे. बागेत मुठीएवढ्या आफ्रिकी गोगलगायी दिसतील. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे आलेली ही कीड पिकांचे फार नुकसान करते. तिला उघड्या हाताने उचलू नये आणि परसातली पालेभाजी नीट धुऊनच खावी. किनाऱ्यावरच्या वाळूतल्या बारीक माश्या चावल्या की खाज आठवडाभर राहते. जाण्यापूर्वी पायांना खोबरेल तेल लावावे आणि चावल्यावर खाजवू नये.

समुद्रात पोहता येते का?

ठरलेल्या ठिकाणी, दिवसाउजेडी, जीवरक्षकांच्या नजरेत पोहता येते. खाऱ्या पाण्यातील मगरी येथे खरोखरच आहेत. कांदळवनाच्या खाड्या आणि ओढ्यांची मुखे ही त्यांची जागा. कॉर्बिन्स कोव्ह आणि वांडूर येथे इशाऱ्याचे फलक आणि जाळी लावलेली दिसेल. ‘आम्ही इथलेच’ असे वाटू लागल्यावर माणूस फलक वाचणे सोडतो, आणि धोका तेव्हाच वाढतो.

भूकंप आणि वादळाची कितपत भीती बाळगावी?

भीती नको, तयारी हवी. सारी बेटे भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात मोडतात. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात पोर्ट ब्लेअरच्या आसपासची जमीन सुमारे एक मीटर खचली आणि सिप्पीघाटची शेते कायमची खाऱ्या पाण्याखाली गेली. रस्त्यावरून जाताना ती आजही दिसतात. घरातून उंचावर जाण्याचा रस्ता दोघांनी एकदा चालून पाहावा, फोन बंद पडले तर कोठे भेटायचे ते ठरवावे, आणि जोरदार धक्का बसल्यावर समुद्र पाहायला न जाता थेट चढाची वाट धरावी. चक्रीवादळाच्या दिवसांत, विशेषतः एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, बोटी रद्द होतात. त्या काळात लहान बेटावर सुट्टीला जाताना परतीसाठी दोन दिवस हाताशी ठेवावेत.

बदली पोर्ट ब्लेअरऐवजी दुसऱ्या बेटावर झाली तर?

मग वर लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीची तीव्रता वाढते. स्वराज द्वीपवर पर्यटनामुळे बऱ्यापैकी सोयी आहेत, पण भाडी चढी असतात. रंगत, मायाबंदर, दिगलीपूर येथे जमीन मोकळी, भाजी ताजी आणि जीवन खऱ्या अर्थाने संथ आहे. मात्र दिगलीपूरपर्यंतचा रस्ता तीनशेहून अधिक किलोमीटरचा आहे आणि त्यातला जिरकाटांग ते मिडल स्ट्रेट हा भाग जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. तेथे वाहने ठरलेल्या वेळी, तांड्याने, पोलिसांच्या बंदोबस्तात सोडली जातात. थांबणे, फोटो काढणे, काच खाली करून बिस्किटे देणे हे सगळे कायद्याने गुन्हा आहे. येथे राहणाऱ्याला हा रस्ता अनेकदा करावा लागतो, म्हणून पाहुण्यांना हे आधी बजावण्याची जबाबदारी आपली असते. ज्यांची ही भूमी हजारो वर्षांची आहे, त्यांच्या दारातून आपण जात असतो. नजर खाली ठेवून जाण्याइतका आदर आपल्याकडे असावा.

गावी आई-वडिलांना अचानक काही झाले तर लगेच पोहोचता येते का?

लगेच नाही. बहुतेक उड्डाणे दिवसाउजेडी असतात, पावसाळ्यात ती कधीकधी रद्द होतात, आणि महाराष्ट्रातल्या खेड्यात पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. येण्यापूर्वी भावंडांशी, शेजाऱ्यांशी आणि गावच्या डॉक्टरांशी याविषयी स्पष्ट बोलून घ्यावे, रुग्णालयात सही करण्याचा अधिकार कोणाकडे राहील ते ठरवावे, आणि दोघांच्या तातडीच्या तिकिटांपुरती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी. दोघांच्याही आई-वडिलांसाठी ही व्यवस्था सारखीच असावी. एकाच बाजूची झाली तर पुढे मनात अढी राहते.

परत जाताना बेटांवरून काय नेता येत नाही?

किनाऱ्यावरचे प्रवाळ, वाळू आणि संरक्षित शंख-शिंपले नेता येत नाहीत. मुलांनी खिशात घातलेला प्रवाळाचा पांढरा तुकडासुद्धा विमानतळावरच्या तपासणीत काढून घेतला जातो. परवानाधारक दुकानातून घेतलेल्या शंखाची पावती सामानात हाताशी ठेवावी. पडौक लाकडाचा पाट किंवा खुर्ची येथे करवून घेतली असेल, तर ती बाहेर नेण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते. त्यासाठी सुताराकडून लाकडाच्या खरेदीची पावती घ्यावी आणि बदलीचा आदेश हाती पडताच अर्ज करावा, कारण जहाजावर सामान चढवण्याच्या दिवशी ही धावपळ जमत नाही.